नारळाला आच किती द्यायची

फोंडा, गोवा

चि. सौरभ यास अनेक आशीर्वाद.

येत्या रविवारी चौघांना पातळ भाजी आणि पाव करून घालायचं म्हणतोस, फार आवडलं. मागच्या खेपेची भाजी कशी झाली ते तू फोनवर सांगितलंस: वर तेलाचा तवंग, खाली फिकट पाणी आणि वाटाणे दाताखाली कचकचीत. यात मसाल्याच्या पाकिटाचा दोष नाही. दोष वाटाण्यात आहे आणि खोबऱ्यात. म्हणून हे पत्र सविस्तर लिहितो, जवळ ठेव.

आपल्या सकाळच्या खाण्यात नारळ सगळीकडे असतो, पण प्रत्येक पदार्थात त्याला लागणारी आच वेगळी. पातळ भाजीत तो तांबूस होईस्तोवर भाजायचा, सुक्या भाजीत गॅस बंद केल्यावर वरून घालायचा, आणि दाट रोसाला, म्हणजे नारळाच्या दाट दुधाला, तर कोमट पाण्यापलीकडे ऊब दाखवायची नाही. बहुतेक बिघाड या आचेतच होतो.

आधी वाटाणे. खाली वाटी म्हणेन ती २०० मि.ली.ची आणि चमचा म्हणजे चहाचा. चौघांसाठी सुके पांढरे वाटाणे २०० ग्रॅम घे आणि शनिवारी रात्री तिप्पट पाण्यात भिजत घाल. आठ ते दहा तास हवेतच. बंगळूरला बोअरचं पाणी येत असेल तर ते जड असतं आणि त्यातल्या क्षारांमुळे कडधान्याची सालं मऊ होत नाहीत, मग कितीही शिट्ट्या दे. त्यामुळे भिजवायला आणि शिजवायलाही पिण्याच्या फिल्टरचं पाणी घे. तरी शंका असेल तर भिजवतानाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाक आणि सकाळी ते पाणी ओतून देऊन वाटाणे धू. सोडा जास्त झाला तर वाटाण्याचा लगदा होतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते.

कुकरमध्ये वाटाण्यांवर दोन बोटं पाणी आणि एक चमचा मीठ. मिठामुळे कडधान्य शिजत नाही असं म्हणतात, पण अडवतो तो आंबटपणा. सोलं (आमसुलं), चिंच, टोमॅटो यांतलं काहीही वाटाणे पूर्ण शिजण्याआधी पडता कामा नये. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग बारीक आचेवर पंधरा मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू दे. वाटाणा दोन बोटांत दाबल्यावर सालासकट चेपला गेला पाहिजे. साल सुटून आत खडा लागत असेल तर आणखी पाच मिनिटं दे. एवढं करूनही कडक राहिले तर वाटाणे जुने आहेत, दुकान बदल.

आता मसाला. खोबऱ्याची एक भरून वाटी, म्हणजे साधारण अर्धा नारळ. आदोळी (खोबरं खवायची विळी) तुझ्याकडे नसणार. नारळाची कवड (अर्धं शकल) गॅसच्या ज्योतीवर दोन मिनिटं फिरवून तापव, खोबरं करवंटीपासून सुटतं. त्याचे तुकडे करून मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरव. भाजायच्या खोबऱ्याला पाठीची तपकिरी साल चालते. फ्रीजरमधलं खवलेलं खोबरंही इथं चालेल, फक्त ते आधी पूर्ण वितळून खोलीच्या तापमानाला आलेलं हवं, नाहीतर भाजण्याऐवजी वाफवलं जातं.

कढई जाड बुडाची घे. अर्धा चमचा तेलात बारीक आचेवर धणे तीन चमचे, काळी मिरी सात-आठ, लवंगा तीन, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि बडीशेप अर्धा चमचा. धण्याचा वास सुटला की काढ. मग सुक्या लाल मिरच्या पाच, नुसत्या फुगेपर्यंत. काणकोणातल्या खोल्याची मिरची मिळाली तर उत्तम, तिला भौगोलिक मानांकन उगाच मिळालेलं नाही, रंग गडद देते आणि जाळत नाही. तिथं ब्याडगी सहज मिळेल, ती वापर. काळपट झालेली मिरची टाकून दे, एकीनेसुद्धा अख्खी भाजी कडवट होते.

मग त्याच कढईत एक मध्यम कांदा उभा चिरून, कडा तपकिरी होईपर्यंत. त्यावर खोबरं. इथून आठ-दहा मिनिटं कढईसमोरून हलायचं नाही आणि हात थांबवायचा नाही. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाहीसं वाटतं, कारण खोबऱ्यातलं पाणी उडत असतं. पाणी संपलं की रंग भराभर बदलतो: आधी पिवळसर, मग बदामी, मग तांबूस. तांबूस रंगाला एक छटा अलीकडेच गॅस बंद करून सगळं ताटात पसर. कढईत राहिलं तर स्वतःच्या गरम तेलात ते भाजतच राहतं आणि दोन मिनिटांत करपतं. करपलेल्या खोबऱ्याला गुळाने झाकता येत नाही, ते पुन्हा करावं लागतं.

तुझ्या तवंगाचं कारण पुढच्या पायरीत आहे. खोबरं गरम असतानाच वाटलं आणि पुरेसं बारीक वाटलं नाही, की तेल वेगळं होऊन वर येतं. पूर्ण गार झाल्यावर मसाले, पाव चमचा हळद आणि अर्धी वाटी पाणी घालून वाट. मिक्सरचं लहान भांडंच घे, मोठ्यात एवढंसं वाटण पात्यावरून कडेला उडतं आणि जाडंभरडं राहतं. चिमटीत घेऊन चोळल्यावर रवा लागला नाही म्हणजे झालं. मिक्सर कमजोर असेल तर मिरच्या आधी पंधरा मिनिटं गरम पाण्यात भिजव.

बाकीचं सोपं. दोन मोठे चमचे खोबरेल तापवून एक कांदा बारीक चिरून परत. दोन बटाट्यांच्या फोडी आणि दोन वाट्या पाणी घालून बटाटा शिजू दे. कुकरमध्ये वाटाण्यांबरोबर बटाटा घालू नकोस, वाटाणा तयार होईपर्यंत त्याचं पीठ झालेलं असतं. मग वाटाणे त्यांच्या पाण्यासकट घाल, त्यातला एक डावभर पळीने चेचून. या चेचलेल्या वाटाण्यामुळेच रस मिळून येतो, खाली पाणी सुटत नाही. आता वाटण, चव बघून मीठ, एक चमचा गूळ, आणि शेवटी सोलं तीन. सात-आठ मिनिटं मध्यम उकळी पुरे. उतरवताना भाजी तुला हवी त्याहून पातळ दिसली पाहिजे, पानात येईपर्यंत वाटाण्याचा पिठूळपणा तिला दाट करतो. तेफळ (तिरफळ) मात्र यात नको, त्याची जागा माशाच्या हुमणात, म्हणजे आमटीत.

हॉटेलात आपण ‘मिक्स’ (पातळ आणि सुकी भाजी एकत्र) मागतो त्यातली सुकी भाजीही कर, वेळ फारसा लागत नाही. उकडलेल्या बटाट्याला मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, हळद यांची फोडणी, मीठ, आणि गॅस बंद केल्यावर मूठभर ओलं खोबरं. एकाच ताटलीत भाजलेला आणि कच्चा असा दोन चवींचा नारळ येतो, आणि माझ्या मते मिक्सची सगळी गंमत त्यातच आहे.

पोई हा आपला पाव तिथं मिळायचा नाही. गव्हाचं पीठ, वर कोंडा, आत पोकळी, त्या पोकळीत भाजी भरता येते. उंड्याचं, म्हणजे आपल्या गोल पावाचं, कडक कवचही बेकरीच्या पावाला नसतं. आपले पोदेर (पाववाले) पूर्वी माडाच्या सुरेवर पीठ फुगवत, त्यामुळे पावाला किंचित आंबूस चव असायची. तिथल्या बेकरीत गोडसर पाव टाळ, आणि साधा पाव लोणी न लावता गरम तव्यावर झाकण ठेवून दोन्हीकडून शेक, कडा जरा कडक होऊ देत.

भाजी जमली की पुढच्या रविवारी घावनं आणि रोस. इथं नारळाचा नियम उलटा. खोबऱ्याचा पांढराच भाग घे, तपकिरी सालीने रोस मळकट आणि तुरट होतो. एका नारळाच्या खोबऱ्यात बोट बुडवता येईल इतकं कोमट पाणी एक वाटी घालून वाट आणि स्वच्छ फडक्यातून पिळ. हा दाट रोस बाजूला ठेव. चोथ्यात पुन्हा पाऊण वाटी पाणी घालून वाटून पातळ रोस काढ. पाणी थंडगार असेल तर खोबऱ्याची चरबी सुटत नाही, सगळी चोथ्यातच राहते. पातळ रोसात दीडशे ग्रॅम गूळ आणि चिमूटभर मीठ मंद आचेवर विरघळव, गाळ (गुळात वाळू असतेच), पूर्ण गार कर आणि मगच दाट रोस व वेलची मिसळ. दाट रोस उकळला की फुटतो. उरला तर लगेच फ्रीजमध्ये ठेव, उन्हाळ्यात बाहेर दोन-तीन तासांत आंबतो.

घावनांना दोन वाट्या जुना साधा तांदूळ पाच-सहा तास भिजवून, दोन मोठे चमचे खोबरं घालून अगदी गुळगुळीत वाट. पीठ दुधाइतकं पातळ हवं, एकूण पाणी तीन वाट्यांच्या आसपास. बिडाचा तवा चांगला तापू दे, अर्ध्या कांद्याने तेल फिरव आणि पीठ कडेकडून आत ओत. डावाने पसरवू नकोस, जाळी मोडते. चर्र आवाज आला आणि ओतताच छिद्रं पडली तर तवा बरोबर आहे. झाकण एक मिनिट, मग उलटून काही सेकंद. प्रत्येक घावनाआधी पीठ तळापासून ढवळ. तांदूळ खाली बसतो, त्यामुळे न ढवळल्यास पहिली घावनं विरतात आणि शेवटची जाड पोळ्यांसारखी होतात. चिकटत असेल तर बहुधा तवा साबणाने घासला गेलाय.

हाच गोड रोस वापरून रोसातले फोव, म्हणजे पोहेही होतात, नरक चतुर्दशीला आपण करतो ते. जाडे फोव दोन वाट्या चाळणीत धुवून दहा मिनिटं निथळत ठेव आणि वाढायच्या दहा मिनिटं आधी रोसात घाल. आधी घातलेस तर सगळा रोस पिऊन गोळा होतो.

आणि काळी पडलेली केळी फेकू नकोस, बन्स (केळ्याच्या जाड पुऱ्या) कर. दोन मोठी केळी, साखर तीन मोठे चमचे, दही तितकंच, सोडा पाव चमचा, जिरं अर्धा चमचा, मीठ, एक चमचा तूप. यात मैदा थोडा थोडा मिसळ, साधारण ३०० ग्रॅम लागेल, केळ्यातल्या पाण्यावर अवलंबून. रात्री पीठ चपातीपेक्षा जरा घट्ट वाटेल असं मळ, सकाळपर्यंत ते सैल होतं. पुरीच्या दुप्पट जाड लाटून मध्यम तेलात तळ. तेल कडक असेल तर साखरेमुळे बाहेरून लगेच काळे होतात आणि आत कच्चे राहतात. पातळ भाजीबरोबर हे पावापेक्षाही झकास लागतात.

सोलं आणि खोल्याच्या मिरच्या पुढच्या आठवड्यात बसने पाठवतो. तुझ्याकडे मिक्सरचं लहान भांडं आहे का ते कळव, नसेल तर तेही त्याच डब्यात घालतो.

तुझे,
बाबा