वेळासच्या काकूंना

नमस्कार काकू,

फेब्रुवारीत पुण्याहून सातवीची ३८ मुलं घेऊन कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला तुमच्याकडे आले होते, ती मी. आभार फोनवर मानायचे होते, पण तिथं रेंज धड नसते आणि मला नीट बोलता येणार नाही, म्हणून हे पत्र.

पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी राहण्या-जेवणाचा दर विचारला आणि तुम्ही उलट मलाच विचारत सुटलात. शनिवार-रविवारच कशाला, मंगळवारी या, किनाऱ्यावर गर्दी नसते. पाण्याचे बॉक्स नकोत, पोरांना घरच्या बाटल्या आणू देत. खाऊची पाकिटं? "माझ्याकडे येतायत ना, मग खायला मीच घालीन." फोन ठेवला तेव्हा माझी निम्मी यादी खोडलेली होती.

तेव्हा सांगितलं नाही, ते आज सांगते. आदल्या वर्षी आम्ही एका किल्ल्यावर गेलो होतो. निघताना पायथ्याशी थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग राहिला, आमचाच. २०१८ पासून त्यांवर बंदी आहे हे वर्गात मीच शिकवते. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे इथंच ठेवायचं?" उशीर झाला होता. मी हो म्हटलं. ते हो वर्षभर टोचत राहिलं.

यंदा प्रासंगिक करारावर, म्हणजे सहलीपुरती भाड्यानं, एकच एसटी घेतली. तुम्ही मुलं पाच घरांत वाटून दिलीत, "सगळी एकाच घरी उतरली तर गावाला काय मिळणार?" म्हणालात. जेवल्यावर ज्याचं ताट त्यानं घासायचं, उरलंसुरलं गाईला. कुळथाचं पिठलं न खाणारी पोरं दुसऱ्यांदा मागत होती!

संध्याकाळी किनाऱ्यावर कासवाच्या घरट्यावर झाकलेली टोपली उचलली तेव्हा खाली नुसती वाळू. मुलांचे चेहरे पडले, माझाही. एवढ्या लांब आणून कासव दिसलं नाही तर पालकांना काय सांगू? रात्री पडवीत तुम्ही त्यांना गोळा करून सांगितलंत, की पूर्वी ही अंडी चोरीला जायची, कोल्ही-कुत्री उकरायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं ती जपायचं काम सुरू केलं आणि गावानं ते आपलं मानलं. मादी शंभरावर अंडी घालून निघून जाते, पिल्लांना पन्नासेक दिवस लागतात. "ती तुमच्या सहलीची तारीख बघून बाहेर येत नाहीत." त्यानंतर एकानंही कुरकुर केली नाही.

सकाळी तीन पिल्लं निघाली. तीनच. दोरीमागे ३८ मुलं चिडीचूप उभी, एकाही फोनचा फ्लॅश नाही. तिसरं लाटेत शिरेपर्यंत कुणी हललं नाही. पंधरा वर्षं सहली नेतेय, अशी शांतता कधी अनुभवली नव्हती.

परतताना आमच्या कचऱ्याची एकच पिशवी भरली. ती पुण्यापर्यंत मांडीवर घेऊन बसली होती किल्ल्यावर प्रश्न विचारणारी तीच मुलगी. तिची स्टीलची निळी बाटली मात्र तुमच्या पडवीत राहिलीय. ठेवून द्या. आईबाबांना घेऊन स्वतः न्यायला येणार आहे म्हणते.

तुमची,
पुण्याची मॅडम