अनुदानाच्या शब्दावर ड्रायर घेतला, आता हप्ता कोण भरणार?

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

परवा एका कार्यालयातून दोन ओळींचं पत्र आलं : ‘निधीअभावी आपला प्रस्ताव विचारात घेता येत नाही.’ १४ महिन्यांपूर्वी मेळाव्यात व्यासपीठावरून सांगितलं होतं, आधी दाणेदार खताची यंत्रं बसवा, अनुदान खात्यावर जमा होईल. त्या शब्दावर आम्ही कर्ज काढलं. सासूबाईंच्या पाटल्या मोडल्या. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, तेच जास्त लागतं.

वाळवा तालुक्यात शेण आणि साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला चोथा, कुजवून मी खत करते. भुकटी पेरणी यंत्राच्या नळीत अडकते, वाऱ्यावर उडते, म्हणून शेतकरी दाणेदार मागतात. दाणे वळणाऱ्या फिरत्या थाळीचा, म्हणजे पॅनचा, खर्च मोठा नाही. मारतो तो दाणे वाळवणारा ड्रायर. दाणा वळायला पाणी फवारायचं आणि तेच पाणी लाकूड जाळून काढायचं! माझ्या वहीत दाणेदार करायचा खर्च टनामागे २,१०० रुपये आहे, त्यातले १,३०० एकट्या ड्रायरचे. उन्हाळ्यात मी दाणे ताडपत्रीवर वाळवते, तेव्हा फक्त मजुरी लागते. पण अनुदानाच्या यादीत ड्रायरसह पूर्ण संचाची अट होती. ती यादी करणाऱ्याने कधी ओलं खत हातात घेतलं होतं का?

नियमाप्रमाणे ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. पॅनचा उतार जरा चुकला की दाणे बोराएवढे होतात. मग पुन्हा दळा, पुन्हा भिजवा, पुन्हा वाळवा. तो उतार बसवायला मला तीन महिने लागले. शिकवायला कुणी फिरकलं नाही. तेवढ्या दिवसांत किती लाकूड जाळलं, ते वहीत लिहायचा धीर झाला नाही.

युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६.५० रुपयांना मिळतं, वरचा भार केंद्र उचलतं. सेंद्रिय खताला टनामागे १,५०० रुपये द्यायचं २०२३ मध्ये ठरलं, तीन वर्षांसाठी १,४५१ कोटी, पण तेही केंद्राच्या गोबरधन योजनेतल्या, शेणाकचऱ्यापासून गॅस काढणाऱ्या बायोगॅस प्रकल्पांच्या खतालाच. मी गॅस काढत नाही, म्हणून माझ्या खताने जमीन सुधारत नाही का? दर सभेत जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटल्याचं ऐकवता. कर्ब वाढवणाऱ्या बाईने मात्र या टेबलावरून त्या टेबलावर खेटे घालायचे. माणूस थकून घरी बसावा, अशीच ही सगळी व्यवस्था आहे.

छोट्या उत्पादकांनाही ते १,५०० रुपये मिळावेत, यासाठी केंद्राकडे भांडा. ड्रायरची सक्ती काढा, त्याऐवजी उन्हावर वाळवायच्या पारदर्शक छपराच्या शेडला पैसे द्या. आणि माझा प्रस्ताव पुन्हा उघडा.

हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो. प्रस्तावाची शिक्क्यासह पोच माझ्याकडे आहे. त्यावरची तारीख वाचून मला उत्तर द्या.

एक खत उत्पादक,
ता. वाळवा, जि. सांगली