‘वर्तणूक समाधानकारक’: मंत्रिमहोदयांना एका शिक्षिकेचे खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

माध्यमिक शाळेत मराठी शिकवत मला २२ वर्षे झाली. गेल्या सोमवारी एका माजी विद्यार्थिनीच्या आईचा फोन आला. तिची धाकटी लेक आता दुसऱ्या शाळेत जाते. "मॅडम, तुमच्याकडचे विज्ञानाचे सर आमच्या शाळेत आलेत. संध्याकाळी वेगळा तास घेणार आहेत म्हणे. पाठवू ना हिला?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. नंतर फोन करते म्हणाले आणि ठेवून दिला.

या सरांविषयीचे माझे सहा पानी निवेदन १४ महिन्यांपूर्वी आपण स्वतःच्या हातात घेतले होते. शिक्षकांच्या मेळाव्यानंतर, गाडीत बसता बसता. मुलांशी कसे वागावे याची लेखी नियमावली तीन महिन्यांत प्रत्येक शाळेत लागेल, असा शब्द आपण दिला होता. कार्यालयाचे उत्तर आले ते गेल्या महिन्यात, दीड ओळीचे. प्रकरण संस्थेच्या स्तरावर निकाली निघाले असल्याने पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही.

ते कसे निकाली निघाले ते पुन्हा सांगते. ती सहा पाने कुणी वाचली असतील असे मला वाटत नाही.

आठवीतली मुलगी. हुशार, बडबडी. दुसरे सत्र सुरू झाले आणि ती मधल्या सुट्टीत मैत्रिणींत बसेनाशी झाली. सर तिला परीक्षेच्या तयारीसाठी शाळा सुटल्यावर एकटीला प्रयोगशाळेत थांबवत होते. मग स्कूटरवरून घरी सोडणे सुरू झाले. मग मनगटी घड्याळ. मग रात्री अकरानंतरचे मेसेज. एक दिवस निबंधाची वही द्यायला आली आणि रडत रडत तिने मला फोनच दाखवला. त्यात अभ्यासाचे एक वाक्य नव्हते. ‘घरात तुला कोणी समजून घेत नाही, मी घेतो.’ ‘आईला सांगू नकोस, तिला आपली मैत्री कळणार नाही.’

मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी विचारले, "पण घडलंय का काही?"

हा प्रश्न मी तेव्हापासून इतक्यांदा ऐकला आहे, की झोपेतही ऐकू येतो. घडण्याची वाट बघायची का आम्ही? मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचे कलम १९ सांगते की गुन्हा घडल्याचे माहीत असेल तर कळवाच, पण घडण्याची शक्यता वाटली तरी कळवा. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. लैंगिक हेतूने मुलाशी वारंवार संपर्क साधणे, मग तो फोनवरून का असेना, हाच कलम ११ खाली छळ आहे. हे मला एकाही प्रशिक्षणात कुणी शिकवले नाही. ४६ व्या वर्षी रात्री जागून मी ते स्वतः वाचले.

मी पोलिसांना लेखी कळवले, १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन केला. पोलीस आले. गणवेशात, शाळेच्या वेळेत. मुलीला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावले आणि बाहेर दोन वर्ग खिडक्यांना चिकटून उभे. कलम २४ म्हणते, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्या, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्या, गणवेश घालू नका. त्या खोलीत तिने प्रत्येक प्रश्नाला मान हलवून नाही म्हटले. कुठली मुलगी हो म्हणाली असती? वडिलांनी माझ्यासमोर हात जोडले, मॅडम, पोरीचं नाव नको. पंधरा दिवसांत संस्थेने सरांचा राजीनामा घेतला आणि त्यांना अनुभव प्रमाणपत्र दिले. त्यावर लिहिले आहे, वर्तणूक समाधानकारक.

माझी वर्तणूक मात्र समाधानकारक ठरली नाही. मला कारणे दाखवा नोटीस आली, ‘संस्थेची बदनामी होईल असे वर्तन’. वर्गशिक्षकपद काढून घेतले. स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणे थांबते. एका सहकाऱ्याने तोंडावर विचारले, "तो माणूस मुलांवर जीव लावायचा, तुमच्यावर कधी कुणी लावला नाही म्हणून का?" संस्थेच्या वकिलाने अब्रुनुकसानीच्या दाव्याची नोटीस धाडली. माझे रक्तदाबाचे औषध दोनदा वाढले. नवरा म्हणतो, सोड आता. ती मुलगी शाळा सोडून गेली. जाताना माझ्याकडे बघितलेही नाही, कारण तिच्या लेखी पोलीस मी आणले. साहेब, हे शेवटचे मला सगळ्यात जास्त लागले आहे.

आता तुम्ही म्हणाल, पोलीस पडताळणी सक्तीची आहे. आहे. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी ठरावीक काळाने तपासायची आहे. पण ज्याच्यावर गुन्हाच नोंदला गेला नाही, त्याच्या पडताळणीत काय सापडणार? लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ मध्ये सुरू झाली, ती फक्त तपास यंत्रणांना दिसते. शाळेला दिसतो तो राजीनामा आणि ते प्रमाणपत्र. नव्या शाळेने आमच्या शाळेत एक फोन केला असता तरी सर फार चांगले होते, एवढेच कळले असते.

त्याच नियमांत राज्य शासनाने बालसंरक्षण धोरण आखायचे आणि मुलांसाठी काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने ते स्वीकारायचे, असेही लिहिले आहे. ओळखीच्या ११ शाळांत मी विचारले. शिक्षकाने विद्यार्थ्याला खाजगी मेसेज करावा की नाही याचा लेखी नियम एकीकडेही नाही. मोजे कुठल्या रंगाचे हवेत त्याचा आहे.

मी मागितले होते तरी काय? एक पान. मुलांशी बोलायचे ते पालक ज्या गटात आहेत त्या गटातच. एकट्या मुलाला शिकवायचे तर दार उघडे आणि दुसरे मोठे माणूस नजरेच्या टप्प्यात. गाडीवर एकट्याला न्यायचे नाही, अगदीच अडचण असेल तर आधी पालकांना आणि शाळेला कळवून. भेटवस्तू नाहीत. गुपिते तर मुळीच नाहीत. आणि हे मोडलेले दिसले की सहकाऱ्याने नोंद करायची. असा कागद भिंतीवर असता तर मुख्याध्यापकांना ‘घडलंय का’ विचारता आले नसते. रात्री अकराचा पहिला मेसेज हाच नियमभंग ठरला असता, आणि कुणाला गुन्हेगार न ठरवता मला तिथेच बोलता आले असते. चांगल्या शिक्षकालाही हा कागद हवा असतो. माझे तरुण सहकारी आज मुलांच्या पाठीवर शाबासकीचा हात ठेवायला घाबरतात, कारण रेघ कुठे आहे ते त्यांना कुणी सांगितलेले नाही.

तुमच्या यंत्रणेला कॅमेरे कळतात. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण २०२४ च्या ऑगस्टमध्ये बाहेर आले, २० तारखेला लोक रुळांवर उतरले, आणि दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला. महिन्याभरात कॅमेरे. शिवाय तक्रारपेट्या, आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समित्या. त्या समित्यांचा निर्णय तर मार्च २०२२ मध्येच निघालेला होता! लोक रुळांवर बसल्याशिवाय तुम्हाला स्वतःचेच कागद आठवत नाहीत का? आमच्याकडेही कॅमेरे आहेत, सोळा. रात्री अकराचा मेसेज कुठल्या कॅमेऱ्यात दिसतो? केंद्राच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारले होते. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि छळणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे किंवा मुलांनी विश्वास टाकावा अशा जागेवरचे होते. विश्वासाच्या जागा कोण भरतो? संस्था भरतात. संस्थांवर कोण बसले आहे, आणि निवडणुकीत ते कुणाच्या मंचावर असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार गेल्या वर्षी तुमच्याच हस्ते झाला. मी खाली तिसऱ्या रांगेत बसले होते.

आवक क्रमांक माझ्याकडे आहे. डायरीत तारीख आहे. मुलीचे नाव मी कुणालाही दिलेले नाही आणि देणार नाही.

त्या आईला उद्या सकाळी मी फोन करणार आहे. वकिलाची नोटीस समोर ठेवूनच करणार आहे. मुलीला त्या तासाला पाठवू नका, एवढे सांगणार आहे. त्या शाळेतल्या बाकीच्या मुलींच्या आयांचे नंबर माझ्याकडे नाहीत.

आपली,
एक शिक्षिका