सायकल भंगारात देऊ नका

बोर्दो, फ्रान्स
जून महिना

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर आई सहज बोलून गेली की भंगारवाला दारात आला होता आणि बाबांनी त्याला पडवीतली सायकल दाखवली. भाव पटला नाही म्हणून तो गेला, पण पुन्हा येतो म्हणालाय. मी तेव्हा काहीच बोलले नाही. आदल्याच दिवशी मी दोन दिवस सायकलवर फिरून परतले होते, मांड्या अजून भरून आलेल्या होत्या, आणि सांगायचं इतकं साठलं होतं की ते फोनवर मावलं नसतं. म्हणून लिहायला बसले. शिवाय बाबा, तोंडच्या शब्दापेक्षा कागदावरच्या अक्षराला तुम्ही जास्त मानता. तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं पोहोचवलीत, आता हे एक तुमचं वाचा.

सकाळच्या गाडीने सार्लाला गेले. बोर्दोच्या पूर्वेला दोर्दोन्य नावाची मोठी नदी आहे, तिच्या खोऱ्यात हे गाव. गाडीत सायकल ठेवायला जागा असते, तिचं वेगळं तिकीट पडलं नाही. सार्लाची घरं मधाच्या रंगाच्या दगडाची. काही छपरांवर कौलांऐवजी दगडाच्याच चपट्या फरश्या एकावर एक रचलेल्या. १९६२ साली आंद्रे माल्रो संस्कृतिमंत्री असताना फ्रान्समध्ये कायदा झाला, की सुटी सुटी इमारत नाही, जुनी वस्तीच्या वस्ती राखायची. सार्ला हे त्या कायद्याने सावरलेल्या पहिल्या गावांपैकी. पण तिथे गर्दी फार होती, मी कॉफी घेतली आणि निघाले.

इथली जमीन सपाट नाही, आणि आपल्यासारखे घाटही नाहीत. कुणी गोधडी झटकावी आणि ती हवेतच थांबावी, तशी. दीड-दोन किलोमीटर चढ, मग तेवढाच उतार, उतार संपतो तिथे ओढा, ओढ्याकाठी आठ-दहा घरं, आणि पुन्हा चढ. मध्ये अक्रोडाच्या बागा. झाडं दोरी लावून लावल्यासारखी एका ओळीत, आणि खाली गवत. नदीकाठच्या शेतांत काळ्या पडलेल्या लाकडाची उंच कोठारं दिसतात. ती तंबाखू वाळवायची. आई, तुला निपाणीची मावशी आठवली असती.

पहिल्या चढाला माझा दम तुटला, तेव्हा तुमचं वाक्य आठवलं बाबा. मी दांडीवर बसलेली असायचे, खाली टॉवेल गुंडाळलेला, आणि पसरणीच्या वाटेला चढ लागला की तुम्ही म्हणायचा, "आता बोलायचं नाही. वर बघायचं नाही. चाकापुढची दोन हात जमीन बघायची." मी दोन हात जमीन बघत गेले. चढ संपला.

माझ्या सायकलीला गिअर आहेत, तुमच्या सायकलीला एकच चाल, आणि वर कॅरिअरवर टपालाची थैली. इथे एक गोष्ट कळली, ती तुम्हाला आवडेल. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू झाली, पण चालता चालता गिअर बदलायचं यंत्र वापरायला शर्यतपटूंना १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. शर्यत भरवणाऱ्या आंरी देग्रांजचं म्हणणं, माणसाने स्नायूंच्या जोरावर जिंकावं. उलट साँत-एतियेन गावचे पॉल द विवी नावाचे गृहस्थ आयुष्यभर गिअरची बाजू मांडत राहिले. सायकल शर्यतीसाठी नाही, मुलूख बघण्यासाठी आहे असं ते मानायचे. त्यांनी सायकलवाल्यांसाठी नियम घालून दिले होते, त्यात एक असा की भूक लागायच्या आधी खा आणि तहान लागायच्या आधी पी. तुम्ही निघताना शेंगदाणे-गुळाची पुडी खिशात टाकायचा आणि बावधनच्या अलीकडेच सोडायचा, ते हेच. पॉल द विवींचं नाव तुम्ही कधी ऐकलं नव्हतं, पण शाळा एकच.

दोम हे गाव नदीच्या वर, साधारण दीडशे मीटर उंच कड्यावर आहे. १२८१ साली राजा तिसऱ्या फिलिपने ते वसवलं. चढ असा आहे की मी दोनदा उतरले. वेशीच्या दोन जाड बुरुजांत १३०७ नंतर टेंपलर या ख्रिस्ती पंथाच्या लढवय्यांना कोंडलं होतं, आणि भिंतींवर कोरलेले क्रूस त्यांचेच, असं गावात सांगतात. पण मला लक्षात राहिली ती कड्याच्या टोकावरची जागा. खाली नदीचं वळण, वळणात हिरव्या-पिवळ्या शेतांच्या पट्ट्या, आणि ज्या रस्त्याने मी घाम गाळत आले तो दोऱ्यासारखा पडलेला. गाडीतून आले असते तर तो नुसता रस्ता होता. आता त्यातली प्रत्येक वळणाची जागा माझ्या पायांना पाठ होती. तुम्हाला बावधन, पसरणी, मेणवली अशीच पाठ असणार. कुठे वारा समोरून येतो, कुठे सावली आहे, कुठलं कुत्रं मागे लागतं.

उतरून ला रोक-गाजाकला आले. कडा आणि नदी यांच्यामध्ये जेमतेम रस्त्याएवढी जागा, आणि त्यात अख्खं गाव कड्याला पाठ लावून उभं. १९५७ साली त्या कड्याचा मोठा तुकडा घरांवर कोसळला, माणसं गेली. गाव मात्र तिथेच पुन्हा बांधलं. पूर्वी या नदीतून सपाट बुडाच्या नावांमधून लाकूड खाली यायचं, बोर्दोकडच्या दारूच्या पिंपांसाठी. प्रवाहाविरुद्ध परत जाणं कठीण, म्हणून वरून आलेल्या कित्येक नावा इकडे मोडून त्यांचंही लाकूड विकायचे.

पुढे नदीच्या एका काठाला बेनाकचा किल्ला, पलीकडे थोड्या अंतरावर कास्तेलनोचा. १३३७ ते १४५३ च्या शंभर वर्षांच्या युद्धात बेनाक फ्रेंचांकडे आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे. समोरासमोर. मी मधल्या पुलावर उभी राहून दोन्हींकडे बघितलं. वाईत उभं राहून पांडवगड बघावा तसं मान वर करून बघायचं. कास्तेलनोच्या पुढे मिलांदचा वाडा आहे. जोसेफिन बेकर ही नर्तकी-गायिका तिथे राहायची. दुसऱ्या महायुद्धात तिने फ्रान्ससाठी हेरगिरी केली, आणि नंतर देशोदेशीची बारा मुलं दत्तक घेऊन याच वाड्यात वाढवली.

आता पंक्चरचं सांगते. ते सांगायलाच हे पत्र.

बेल्वेसच्या अलीकडे एका लहानशा गावात मागचं चाक बसलं. दुपारचा दीड. इथे बारा ते दोन सगळं बंद असतं, रस्त्यावर माणूस नाही. सायकल ढकलत गेले तर गावाच्या खालच्या अंगाला धुणं धुवायची जुनी जागा दिसली. अशा जागा इथे गावोगाव राखल्यात. चार खांबांवर कौलारू छप्पर, मध्ये झऱ्याच्या पाण्याची चौकोनी टाकी, आणि टाकीच्या काठाचे दगड आत उतरते, कपडा घासायला बसवलेले. आई, त्या दगडांना बायकांच्या हातांनी खळगे पडलेत, मेणवलीच्या घाटावर आपण बसायचो त्या पायरीसारखे. आता तिथे कुणी धुवत नाही. पाणी मात्र वाहतं, आणि थंडगार.

सायकल उलटी केली. चाक काढलं, टायर सोडवला, ट्यूबमध्ये हवा भरली आणि त्या पाण्यात बुडवून हळूहळू फिरवत गेले. तुम्ही अंगणात घमेल्यात करायचा तसं. वाल्वपासून टीचभर अंतरावर बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. बोट ठेवून जागा धरली, पुसली, घासपेपर मारला, सोल्युशन लावलं, आणि फुंकर घालत बसले. सोल्युशनचा तो वास आला आणि मी इथे नव्हतेच बाबा, मी पडवीत होते.

एवढ्यात एक म्हातारे गृहस्थ तिथून चालले होते, हातात पाव. सत्तरीच्या पुढचे असतील. 'बोंजूर' म्हणाले आणि थांबले. पॅच लावलेला बघितला, मान डोलावली. मग काही न बोलता पाव कठड्यावर ठेवला, टायर उचलला आणि आतल्या बाजूने अंगठा सावकाश फिरवायला लागले. मी ट्यूब घालायच्या घाईत होते, ते विसरलेच होते. पाऊण फेरा झाल्यावर अंगठा थांबला. नखाने त्यांनी काटा बाहेर काढला, बाभळीपेक्षा बारीक आणि काळा. रस्त्याच्या कडेचं कुंपण नुकतंच छाटलं होतं, त्यातला. माझ्या तळहातावर ठेवला. तो काटा आत राहिला असता तर शंभर पावलांवर पुन्हा पंक्चर. तुम्ही हेच करायचा. अगदी असाच अंगठा, डोळे भलतीकडे. मी त्यांना सांगितलं की माझे वडील पोस्टमन होते, सायकलवरचे. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि वडिलांना नमस्कार सांगा म्हणाले. तो मी इथे सांगते आहे.

बेल्वेस टेकडीवर आहे, पोहोचले तेव्हा पाय संपले होते. या दिवसांत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवून चौकात नुसती बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मोंपाझिए. हे गाव १२८४ च्या सुमाराचं, इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वसवलेलं, कारण तेव्हा हा मुलूख त्याच्याकडे होता. आखीव चौकोन, सरळ गल्ल्या, मध्ये बाजारचौक आणि भोवती कमानींचा ओटा. दोन घरांमध्ये हातभर बोळ सोडलाय, आग पसरू नये आणि पाणी वाहून जावं म्हणून. चौकात जाड लाकडी खांबांचा बाजाराचा मांडव आहे, आणि त्याच्या कोपऱ्यात धान्य मोजायची जुनी मापं अजून ठेवलीत. मी आत हात घालून बघितला. आजीची पायली डोळ्यांपुढे आली. माप लोकांसमोर, चौकात, कुणाचंही धान्य त्याच मापाने. ते मला फार आवडलं.

एक गोष्ट मात्र या दोन्ही दिवसांत सारखी मनात राहिली. कितीही लहान गाव असो, चर्चजवळ किंवा पंचायतीसमोर पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा दगड असतो, त्यावर नावं. १९१४ ते १९१८ मध्ये फ्रान्सचे जवळपास १४ लाख सैनिक गेले. एका वस्तीत दहा-पंधरा घरं दिसली आणि दगडावर नावं त्याहून जास्त. एकच आडनाव तीनदा. भाऊ असतील. गाडीतून जाताना तो दगड दिसत नाही, सायकलवरून दिसतो, कारण पाणी प्यायला आपण तिथेच थांबतो. मला आपलं अपशिंगे मिलिटरी गाव आठवलं. तिथलाही स्मारकाचा दगड त्याच युद्धाचा. साताऱ्याच्या मातीतली पोरं कुठल्या कुठे गेली. मी दोन्ही हात जोडले आणि मगच पुढे निघाले.

पाण्यावरून आठवलं. इथले सायकलवाले बाटली भरायला दफनभूमीत जातात. फुलझाडांना घालायला तिथे नळ असतो. पिण्याजोगं नसेल तर तशी पाटी असते. आई, तू नाक मुरडशील, पण पाणी चांगलं होतं.

शेवटी कादुएँचा मठ, १११५ सालचा. तिथे एक कापड शतकानुशतकं येशूच्या डोक्याला गुंडाळलेलं वस्त्र म्हणून पुजलं जायचं, लांबून यात्रेकरू यायचे. १९३४ च्या सुमाराला त्याच्या काठावरची नक्षी नीट वाचली गेली. ती नक्षी नव्हतीच, अरबी अक्षरं होती. अकराव्या शतकाच्या अखेरीला इजिप्तमध्ये विणलेलं कापड, त्यात तिथल्या खलिफाचं नाव. बिशपनी यात्रा थांबवली. मला त्यांचं कौतुक वाटलं. तिथून उतार लागला तो थेट ल ब्यूइसों स्टेशनपर्यंत, आणि संध्याकाळच्या गाडीने मी परत.

तर बाबा, सायकल देऊ नका. दोन दिवसांत मला तुमच्या वयाचे किती तरी लोक सायकलवर भेटले, समोरून येताना हात वर करणारे. कुणालाच कुठे पोहोचायची घाई नव्हती. तुमच्या गुडघ्याचं मला माहीत आहे, पसरणीला चला असं मी म्हणत नाही. दिवाळीला येते तेव्हा मेणवलीपर्यंत जाऊ. जेमतेम तीन किलोमीटर, रस्ताही सोपा, आणि घाटावर बसून परत. मी दादाची सायकल घेईन.

तोवर एवढं करा. ती पडवीत आढ्याला टांगून ठेवा, टायर जमिनीला लागू देऊ नका. चेन रॉकेलने पुसून तेल द्या. नवे टायर लागतीलच, २८ इंची, ते वाईत मिळतील, दादाला सांगते. दांडीवरचा टॉवेल आईने धुवायला काढला असेल तर धुऊन परत तिथेच गुंडाळ म्हणावं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काढून दिलेला काटा मी कागदाच्या घडीत या पत्रासोबत घातलाय. उघडताना जपून.

तुमची,
सुमी