गोठा हा केवळ जोडधंदा नव्हे

महोदय,

शेतीविषयक लेखनात पशुपालनाचा उल्लेख बहुधा ‘जोडधंदा’ असाच होतो. २ हेक्टरांहून कमी जमीन कसणाऱ्याच्या बाबतीत हा शब्द मला अपुरा वाटतो. धान्य काढून घेतल्यावर उरणारे काड माणसाला पचत नाही, परंतु रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीव त्यातील सेल्युलोज पचवतात आणि त्याच काडाचे दूध, ओढकामाची ताकद व शेण होते. जनावराने खाल्लेल्या नत्राचा बहुतांश भाग शेण-मूत्रावाटे बाहेर पडतो आणि खतरूपाने रानात परत जाऊ शकतो. अर्थात, शेण उघड्यावर उन्हात पडून राहिले, की त्यातील बरेच नत्र अमोनिया होऊन उडून जाते. उकिरड्याजवळ नाकाला झोंबणारा वास येतो, तो याच नुकसानीचा.

मुख्य कारण मात्र पैसा कधी हाती येतो, हे आहे. पीक हंगामाला एकदाच पैसा देते, दूध-अंड्यांवर रोजचा खर्च भागतो आणि गाभण राहिल्यापासून ५ महिन्यांत व्यायणारी शेळी अडीनडीला विकता येते. श्रम वाढतात, हे खरे. दुष्काळात तर पीक आणि चारा एकदमच जातात. म्हणूनच कर्ज व विम्याच्या योजनांत शेत आणि गोठा यांचा हिशेब एकत्र मांडला जावा.

— एक वाचक