खाणीवरच्या काकांना आमच्या शाळेकडून थँक्यू

प्रिय काका,

तुम्हाला फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगो, त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, आता गप्प वाचा.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या मुलांना दगड शिकवायचे म्हणजे काय ते बाहेरच्याला नाही कळायचं. आमच्याकडे खनिज म्हणजे टिपर, धूळ, २०१२ ला बंद पडलेली मायन आणि बँकेचे हप्ते. पुस्तकातला खडकांचा धडा आला की मुलं अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित असं धडाधड म्हणून दाखवतात आणि संपलं. तुम्ही उभी नोकरी खाणीवर जिऑलॉजिस्ट म्हणून काढलीत, रिटायर झाल्यावर तरी आराम करायचा, तर पिशवीभर दगड घेऊन आमच्या वर्गात हजर.

तो टाइलचा प्रकार तर मुलं अजून घरी करतात, आयांच्या तक्रारी माझ्याकडे येतात. बाथरूमच्या टाइलचा तुकडा उलटा धरायचा आणि मागच्या खरखरीत बाजूवर दगड घासायचा. हेमटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या खनिजाचा, काळा चकचकीत तुकडा घासला तर रेघ चक्क लाल! तसाच काळा दिसणारा मँगनीजचा घासला तर रेघ काळीच. मागच्या बाकावरचा एक जण, जो वर्षभर तोंड उघडत नाही, तो उठून म्हणाला, "काका, हो फातर म्हाका जाय," म्हणजे हा दगड मला हवा. तुम्ही दिलातही लगेच.

मग तो पट्ट्यापट्ट्यांचा दगड, ज्याला तुम्ही खाणवाले बीएचक्यू (बँडेड हेमटाइट क्वार्टझाइट) म्हणता. एक पट्टा लोखंडाचा, एक गारेचा, आमच्या शाळेच्या टायसारखा. हा समुद्राच्या तळाला साचलाय, अडीचशे कोटी वर्षांपेक्षा जुना आहे, तेव्हा पाण्यात विरघळलेलं लोखंड पुष्कळ आणि हवेत ऑक्सिजन जवळपास नाहीच, आणि मग पाण्यात जिथे तो मिळाला तिथे लोखंड गंजून खाली बसत गेलं, हे तुम्ही असं सांगितलंत की पोरं गप्प. आणि हा ऑक्सिजन बराचसा डोळ्याला न दिसणाऱ्या जिवाणूंनी केला असावा म्हटल्यावर एकीने विचारलं, म्हणजे जिवाणू नसते तर मायन नसती? तुम्ही मोठ्याने हसलात, पण उत्तर नीट दिलंत, "असावा" वर जोर देऊन. मला ते फार आवडलं, कारण आम्ही मास्तर लोक सगळं ठासून सांगतो.

पण खरं थँक्यू वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. मायन परत पुरी सुरू व्हावी का, हे एका मुलाने विचारलंच. ज्याचा बाप टिपर चालवायचा तो आणि ज्यांची विहीर आटली ती, दोघं एकाच बाकावर. मला घाम फुटला. तुम्ही भाषण नाही दिलंत, सगळ्यांना घेऊन डोंगराखालच्या झरीवर गेलात. वर चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, सपाट सडा, भोकाभोकांचा, त्यातून पावसाचं पाणी मुरतं, खाली चिकणमाती लागली की अडतं आणि बाजूने झर होऊन बाहेर येतं. खाणीचा खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की पंप लावून पाणी उपसावं लागतं, मग आजूबाजूच्या विहिरी उतरतात. आणि त्याच दमात हेही की याच दगडावर इथली घरं उभी राहिली, तुमचंसुद्धा. दोघांपैकी कुणाचाच रुसवा नाही.

नंतर आमची पिकनिक जुन्या गोव्याला गेली. बॉम जेझू चर्चच्या बिगर गिलाव्याच्या भिंती बघून पोरं ओरडली, "चिरे!" आणि मग आपणहून शोधत बसली की दर्शनी भागातलं कोरीवकाम वेगळ्या दगडात का. बसाल्ट आहे हे मी सांगायच्या आत एकाने सांगितलं, चिऱ्यात एवढं बारीक कोरता येणार नाही हेही. गाइड बघत राहिला. ते क्रेडिट तुमचं.

तुमचे दगड आता ऑफिसच्या कपाटात आहेत, मुलांनी चिठ्ठ्या चिकटवल्यात, शुद्धलेखन बघू नका. चतुर्थीची सुट्टी संपली की नवीन सहावीसाठी यायचंय, टाइलचे तुकडे मी गोळा करून ठेवलेत. येताना चॉकलेट आणू नका, दगडच आणा, लोहचुंबकासकट. किनाऱ्यावरच्या काळ्या रेतीचं तुम्ही कबूल केलेलं अजून राहिलंय.

तुमची,
सहावीची टीचर