आकाशचित्राखाली एकूण एक्स्पोजरही छापावे

माननीय संपादक महोदय,

पावसाळा सरला की आपल्या रविवार पुरवणीत वाचकांनी टिपलेली तेजोमेघांची आणि दीर्घिकांची छायाचित्रे येऊ लागतात, याचा आनंद वाटतो. मात्र चित्राखाली टिपणाऱ्याचे नाव आणि कॅमेऱ्याचे मॉडेल एवढेच असते. चित्र किती फ्रेम जोडून तयार झाले, एकूण एक्स्पोजर (म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश साठवण्याचा वेळ) किती होते आणि ते कोठून टिपले, हे कळत नाही. परिणामी चांगले चित्र महागड्या कॅमेऱ्यातूनच येते, असा नवशिक्यांचा समज होतो. माझ्याकडे चौकशीला येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ हाच असतो.

वस्तुतः दहा वर्षांपूर्वीचा साधा डीएसएलआर आणि २०० मिलिमीटरची लेन्स एवढ्यावर देवयानी दीर्घिका उत्तम टिपता येते; आकाशात तिचा विस्तार पूर्ण चंद्रबिंबाच्या सुमारे सहापट आहे, त्यामुळे प्रचंड दुर्बिणीची गरजच नसते. गरज असते ती पुष्कळ प्रकाश साठवण्याची. एकाच फ्रेममध्ये तो साठवू गेल्यास पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे रेघांसारखे ओढले जातात. त्या लेन्सने ट्रॅकरशिवाय (म्हणजे ताऱ्यांच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या उपकरणाशिवाय) दीड-दोन सेकंदांपलीकडे जाता येत नाही, आणि ट्रॅकर असला तरी तो ध्रुवताऱ्याच्या नव्हे, तर त्याच्यापासून अर्ध्या अंशाहून थोड्या अधिक अंतरावर असलेल्या खऱ्या खगोलीय ध्रुवाच्या, म्हणजे ज्याभोवती आकाश फिरताना दिसते त्या बिंदूच्या, रोखाने लावावा लागतो. नाशिकहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर दिसतो, म्हणून उत्तरेला डोंगर नसलेली जागा आधी हेरून ठेवावी.

अनेक फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढणे, म्हणजेच स्टॅकिंग, हा या छंदाचा गाभा होय. १६ फ्रेमच्या सरासरीत दाणेदारपणा एका फ्रेमच्या एकचतुर्थांश उरतो. तो आणखी निम्मा करायचा तर ६४ फ्रेम लागतात. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल ही मोफत सॉफ्टवेअर हे काम करतात, मात्र फाइल रॉ स्वरूपातच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, हव्यात.

त्यांच्या जोडीला डार्क फ्रेम हव्यात, म्हणजे लेन्सवर झाकण लावून, तोच आयएसओ (संवेदनशीलतेचा आकडा) आणि तेवढेच एक्स्पोजर ठेवून घेतलेल्या काळ्या फ्रेम. पहिले दोन हिवाळे मी त्या दुसऱ्या दिवशी घरी घेत असे आणि चित्रातले लाल-निळे ठिपके का जात नाहीत म्हणून हैराण होत असे. सेन्सरचे, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या चिपचे, हे दोष तापमानागणिक बदलतात. माळरानावरच्या गारठ्यातल्या चित्राला उबदार खोलीतल्या डार्क फ्रेमचा उपयोग नसतो, हे फार उशिरा ध्यानात आले. लेन्सवर पांढरे कापड ताणून, फोकस न हलवता घेतलेल्या फ्लॅट फ्रेम धुळीचे डाग आणि काळवंडलेल्या कडा काढून टाकतात.

सेन्सरपुढचा फिल्टर काढून घेण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. तो फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, हे खरे; पण मृगातला तेजोमेघ पुरेसा तेजस्वी आहे आणि देवयानीचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा आहे, त्यामुळे सुरुवातीला या खर्चाची आवश्यकता नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तेच पैसे काळोख्या आकाशाखाली जाण्यावर खर्चावेत. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, हा मान मिळवणारे ते भारतातले पहिलेच ठिकाण असून ते आपल्या राज्यात आहे.

म्हणून विनंती अशी की, यापुढे आकाशचित्राखाली फ्रेमची संख्या, प्रत्येक फ्रेमचे एक्स्पोजर, आयएसओ आणि ठिकाण एका ओळीत छापावे. पाठवणाऱ्याला त्यासाठी वेगळे कष्ट नाहीत. ठिकाण त्याला ठाऊक असतेच आणि उरलेल्या नोंदी त्याच्या रॉ फाइलमध्ये मिळतात.

आपला,
एक हौशी आकाशनिरीक्षक, नाशिक